ट्रेलरवर जुनी गाडी बांधताय? आधी एवढं बघा

पहिल्यांदा विंटेज गाडी ट्रेलरवर चढवताना पोटात गोळा येणारच. पण जमेल.

पट्ट्यांच्या आधी गाडी कुठे उभी केलीत ते बघा. नवखे नेमके इथेच चुकतात. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 10 टक्क्यांच्या आसपास भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर हवा, फक्त तिची मर्यादा ओलांडू नका. वजन मागे राहिलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलतो, आणि एकदा डोलू लागला की आवरणं अवघड जातं. इंजिन पुढे असेल तर गाडी तोंड पुढे करूनच चढवा.

मग रॅचेटचे (दांडा मागेपुढे करून ताणायचे) चार पट्टे, प्रत्येक कोपऱ्याला एक. लेबलवर बहुतेकदा दोन आकडे असतात. तुटण्याचा मोठा आकडा विसरा, सुरक्षित भाराचा बघा. तो साधारण एक तृतीयांश असतो. माझं मत विचाराल तर चाकांवरून जाणारे पट्टे घ्या. गाडी स्प्रिंगवर हलली तरी ते सैल पडत नाहीत आणि जुन्या, गंजक्या चॅसीला ओढ बसत नाही.

हे टाळा:
- बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला हुक अडकवणं
- ब्रेकच्या नळीवरून पट्टा नेणं
- नुसत्या हँडब्रेकवर भरवसा (गिअर टाका, चाकांना ठोकळे लावा)
- कापडी कव्हर घालून नेणं. फडफडून रंग घासतो

निघाल्यावर 15-20 किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा. माझा एक तेवढ्यातच सैल झाला होता. विंच (गाडी ट्रेलरवर ओढून घ्यायचं यंत्र) वगैरे नंतर बघू.