पहिल्यांदाच तमिळ किनाऱ्याकडे? एवढं सांभाळा

चारच दिवस आहेत ना? मग मामल्लपुरम (म्हणजेच महाबलीपुरम), चिदंबरम, तंजावर एवढंच धरा. नवखे दहा देवळं कोंबतात आणि एकही धड पाहत नाहीत.

- बहुतेक देवळं दुपारी बारा-साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात. सकाळी सातला दारात हजर राहा. मामल्लपुरमचे रथ, म्हणजे अखंड खडकात कोरलेली रथासारखी देवळं, दुपारीही बघता येतात.
- पायमोजे जवळ ठेवा, तापलेल्या फरशीवर पाय भाजतात.

तंजावरला १०१० साली पूर्ण झालेलं बृहदीश्वर मंदिर आहे. तिथे घाई नकोच. शिखर पाहून परत फिरू नका. आवाराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले यांच्या काळातला, १८०३ चा मराठी शिलालेख आहे, भोसल्यांचा इतिहास सांगणारा. तमिळ मुलखात ओळीमागून ओळ देवनागरी वाचताना मला भरून आलं होतं. मूर्तिशास्त्र वगैरे पुढच्या फेरीला. निघा बिनधास्त!