क्लायंटने अपवर्कबाहेर, टेलिग्राम किंवा ईमेलवर बोलायला बोलावले तर जावे का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एका नव्या कामासाठी तुम्ही अपवर्कवर, म्हणजे फ्रीलान्सरना (स्वतंत्रपणे कामे घेणाऱ्यांना) क्लायंट मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर, प्रपोजल म्हणजे कामासाठीचा अर्ज पाठवला, थोड्याच वेळात क्लायंटचे उत्तर आले आणि त्याने "पुढचे टेलिग्रामवर बोलू" असे म्हणून आपले खाते कळवले. तिथे जावे का, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, एका जुन्या आणि चांगल्या क्लायंटला ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे सोयीचे पडते, तर तेही नियमाबाहेर जाते का. पहिल्याला माझे उत्तर "जाऊ नका" असे आहे. दुसऱ्याला "बोला, पण पैसे अपवर्कमधूनच घ्या आणि जे ठरले ते तिथेच लिहून ठेवा" असे आहे. मी स्वतः बरीच वर्षे अशा संकेतस्थळांवरून मजकूर लेखनाची कामे घेत आलो आहे, त्यामुळे या दोन उत्तरांत एवढे अंतर का, ते जरा सविस्तर सांगतो.

अपवर्कचा नियम काळावर बेतलेला आहे. करार सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी संपर्काचे तपशील द्यायचे नाहीत आणि बोलणे तिथल्या संदेशांतूनच करायचे. करार सुरू झाल्यावर मात्र बाहेर बोलण्यास मनाई नाही, फक्त पैशांचा व्यवहार तिथूनच झाला पाहिजे. फायव्हर हे तसेच दुसरे संकेतस्थळ याहून कडक आहे. तिथे ऑर्डर चालू असतानाही ईमेल किंवा फोन क्रमांक द्यायचा तो कामासाठी खरोखर लागत असेल तरच, आणि तोही त्या ऑर्डरच्या पानावर. या संकेतस्थळांचे उत्पन्न आपल्या कमाईतून कापल्या जाणाऱ्या शुल्कावर चालते. फायव्हर 20 टक्के घेते. अपवर्क 2023 पासून सरसकट 10 टक्के घेत असे आणि 2025 पासून नव्या करारांना 0 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान बदलते शुल्क लावते. तेव्हा हे नियम निव्वळ आपल्या काळजीपोटी केलेले आहेत, असे मी मानत नाही. त्यांनी आपल्या कमिशनभोवती कुंपण घातले आहे. पण ते घालताना आपणही आत आलो आहोत, आणि नव्या माणसाला त्याचा उपयोग जुन्यापेक्षा जास्त होतो.

आता टेलिग्रामवाल्या क्लायंटविषयी. करारापूर्वी बाहेर बोलावणारा प्रत्येक जण ठकच असतो असे नाही. काही जणांना नियम माहीत नसतो, काहींची सगळी टीम दुसऱ्या अ‍ॅपवर असते, काहींना टंकण्यापेक्षा बोलणे आवडते. परंतु फसवणूक करणाऱ्यांची पद्धत इतकी ठरीव आहे की थोड्या सवयीने ती ओळखू येते. कामाचे वर्णन दोन-तीन ओळींचे आणि मोघम असते, मोबदला कामाच्या मानाने भरमसाट असतो, क्लायंटचे खाते नवे असते व त्याची पैसे देण्याची पद्धत पडताळलेली नसते. मुख्य म्हणजे तुमच्या अनुभवाबद्दल तो एकही प्रश्न विचारत नाही. ज्याला खरोखर काम करून घ्यायचे असते तो काहीतरी विचारतोच: पूर्वी असे काम केले आहे का, किती दिवस लागतील, नमुना दाखवता का. ज्याला फक्त तुम्हाला बाहेर न्यायचे असते त्याला यातले काहीच नको असते.

बाहेर नेल्यावर काय घडते, त्याचेही ठराविक प्रकार आहेत. सर्वांत जुना प्रकार टायपिंगचा. स्कॅन केलेली पाने वर्डमध्ये टाइप करून द्यायची, काम पूर्ण झाले की "पैसे तयार आहेत, पण नोंदणी शुल्क भरल्याशिवाय ते सोडता येत नाहीत" असा निरोप येतो, आणि ते शुल्क भरले की आणखी एखादे शुल्क निघते. प्रोग्रामिंगचे काम करणाऱ्यांना "ही छोटी चाचणी सोडवा" म्हणून झिप फाइल किंवा कोडचा दुवा पाठवला जातो. तो कोड आपल्या संगणकावर चालवताच ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारा प्रोग्राम कामाला लागतो. तिसऱ्या प्रकारात कामाचा विषयच निघत नाही. तुमचे पडताळलेले खाते भाड्याने मागितले जाते, आणि त्यासाठी तुमच्या संगणकावर दुरून ताबा घेण्याचे सॉफ्टवेअर टाकायला सांगतात. त्या खात्यावरून पुढे जे काही होईल ते तुमच्या नावावर होते.

या सगळ्यासाठी टेलिग्रामच का निवडले जाते, याला एक सरळ तांत्रिक कारण आहे. 2019 पासून टेलिग्रामच्या खासगी संभाषणात दोघांपैकी कोणीही, कोणताही संदेश, कितीही काळानंतर, दोन्ही बाजूंकडून पुसून टाकू शकतो. म्हणजे तुम्ही काय कबूल केले आणि त्याने काय कबूल केले, हे सांगणारा सगळा मजकूर एका क्षणात तुमच्याही फोनवरून नाहीसा होऊ शकतो. अपवर्कच्या संदेशांचे तसे नाही. तिथली नोंद क्लायंटच्या मर्जीवर राहत नाही, आणि तक्रार झाली तर तिथले कर्मचारी ती पाहू शकतात.

नकार देताना ताठ राहण्याची गरज नाही. मी साधारण असे लिहितो: "संदेशाबद्दल धन्यवाद. करार सुरू होईपर्यंत इथेच बोलणे मला नियमाने भाग आहे. आपल्याला बोलणे सोयीचे असेल तर इथल्याच व्हिडिओ कॉलवर उद्या वीस मिनिटे देऊ शकतो. तोपर्यंत दोन शंका: मजकुराचा कच्चा मसुदा आपल्याकडे तयार आहे का, आणि अंतिम मंजुरी कोण देणार?" यातल्या शंका मुद्दाम घातलेल्या असतात. खरा क्लायंट त्यांची उत्तरे देतो आणि बहुधा कॉलची वेळही ठरवतो. दुसरा माणूस एक तर गप्प होतो किंवा "टेलिग्रामवर या, तिथे सगळे सांगतो" हेच पुन्हा लिहितो, आणि मग त्याची तक्रार करून पुढच्या कामाकडे वळावे. उत्तर न देता सोडून देण्यापेक्षा असे लिहून नकार देणे मला बरे वाटते, कारण उद्या नियमभंगाची चौकशी झालीच तर तुमची बाजू तिथेच लिहिलेली असते.

नियम नकळत मोडण्याच्या जागाही थोड्या आहेत. प्रपोजलला जोडलेल्या रेझ्युमेच्या वरच्या कोपऱ्यात फोन आणि ईमेल असतोच. तो काढून एक वेगळी प्रत ठेवावी. गूगल डॉक्सवरून नमुना शेअर केला की तुमचे नाव आणि खाते समोरच्याला दिसू शकते, म्हणून करारापूर्वी पीडीएफ जोडलेली बरी. ईमेलमधले @ हे चिन्ह अक्षरांत लिहिणे किंवा क्रमांक चित्रात टाकणे असल्या क्लृप्त्यांच्या वाटेला जाऊच नये. पकडले गेल्यावर "मला नियम माहीत नव्हता" असे म्हणायलाही त्यामुळे जागा उरत नाही.

आता तुमच्या जुन्या क्लायंटकडे वळू, कारण माझ्या मते फ्रीलान्सरचे खरे नुकसान ठकांपेक्षा अशा सज्जन क्लायंटच्या गैरसमजातून अधिक होते. करार चालू आहे, क्लायंट भला आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर तो चालता चालता एक मिनिटाचा आवाजी संदेश पाठवतो: "ती दोन पाने आणखी घालूया, आणि मुखपृष्ठाचा मजकूर जरा बदलूया." तुम्ही "ठीक आहे" म्हणता. महिन्याने हिशेब करताना त्याच्या मते ती दोन पाने मूळ कामातच होती, तुमच्या मते ती वाढीव होती, आणि दोघेही प्रामाणिक असता. अशा वेळी अपवर्कवरच्या करारात फक्त मूळ काम लिहिलेले असते. बाकीचे सगळे एका आवाजी संदेशात असते, आणि तो शोधायलाच अर्धा दिवस जातो.

यावर उपाय साधा आहे, पण तो त्याच दिवशी केला पाहिजे. बाहेर जे बोलणे झाले त्याचा सारांश अपवर्कच्या संदेशात टाकायचा: "आज फोनवर ठरल्याप्रमाणे दोन पाने वाढवत आहोत. त्यासाठी वेगळा माइलस्टोन लागेल, रक्कम मूळ दरानेच. मुखपृष्ठावरचा बदल मूळ कामातच धरला आहे. काही वेगळे समजले असल्यास उद्यापर्यंत कळवावे." क्लायंटने नुसते "हो" लिहिले तरी पुरे. माइलस्टोन म्हणजे स्वतःची वेगळी रक्कम असलेला कामाचा टप्पा, आणि वाढीव माइलस्टोनमध्ये पैसे जमा झाल्याचे दिसल्याशिवाय वाढीव काम सुरू करायचे नाही. ठरलेल्या रकमेच्या करारात संरक्षण असते ते एस्क्रोमध्ये, म्हणजे काम मंजूर होईपर्यंत अपवर्ककडे राखून ठेवलेल्या खात्यात, आधी भरलेल्या पैशांना, आणि तोंडी कबूल केलेली रक्कम त्यात येत नाही.

आणखी एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. ठरलेल्या रकमेच्या करारात तुम्ही काम अपवर्कवर रीतसर सादर केले की क्लायंटला ते तपासायला 14 दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत त्याने काहीच केले नाही तर पैसे आपोआप सुटतात. पण तुम्ही फाइल ईमेलने पाठवली, त्याने "सुंदर झाले आहे" असे ईमेलनेच कळवले, आणि अपवर्कवर सादर करणे राहून गेले, तर ती मुदत सुरूच होत नाही. पैसे एस्क्रोमध्येच पडून राहतात आणि क्लायंट रजेवर गेला की आपण वाट पाहत बसतो. म्हणून फाइल कुठूनही पाठवा, सादर मात्र तिथेच करा.

तासांवर चालणाऱ्या करारात हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. तिथे पैशांची हमी मिळते ती अपवर्कच्या अ‍ॅपने नोंदलेल्या वेळेला, ज्यात दर दहा मिनिटांच्या टप्प्यात पडद्याचे एक छायाचित्र घेतले जाते. हाताने भरलेल्या तासांना ती हमी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लांबलचक बैठका बहुतेक जण हातानेच भरतात, म्हणजे जितके बोलणे फोनवर सरकते तितके तुमच्या हिशेबातले बिनहमीचे तास वाढतात. विश्वासाच्या क्लायंटशी ते चालते; नव्याशी बैठक संगणकावर, अ‍ॅप चालू ठेवून घ्यावी.

स्लॅक या टीमच्या आपसांतल्या संदेशांच्या अ‍ॅपविषयी थोडेसे, कारण बऱ्याच टीम तिथे बोलावतात. करारानंतर तिथे जायला हरकत नाही. मात्र क्लायंट मोफत योजनेवर असेल तर 90 दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत, आणि करार संपला की तुम्हाला त्या जागेतून काढलेही जाते. जिथली किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे तिथे आपला एकमेव पुरावा ठेवू नये.

राहिला पैशांचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही, पण जुना क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आज ना उद्या निघतोच: "मधले कमिशन कशाला, थेट खात्यात पाठवतो." इथे मात्र सवलत नाही. अपवर्कवर ओळख झालेल्या क्लायंटशी पहिली दोन वर्षे तिथूनच व्यवहार करण्याचे तुम्ही दोघांनीही मान्य केलेले असते. त्याआधी बाहेर पडायचे तर ठरावीक शुल्क भरून रीतसर पडता येते. शुल्क न भरता बाहेर पडल्याचे आढळले तर खाते कायमचे बंद होऊ शकते, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे जमवलेले सगळे रिव्ह्यू जातात. दोन वर्षे उलटली की तुम्ही मोकळे असता. क्लायंट तुम्हाला अपवर्कच्या आधीपासून ओळखत असेल तर हा नियम मुळातच लागू होत नाही, पण ते सिद्ध करणारा एखादा जुना ईमेल जपून ठेवावा.

शेवटी, तुम्ही प्रश्न टाकेपर्यंत टेलिग्रामवर जाऊन आलाच असाल तर घाबरू नका, पण आजच काही गोष्टी करा. सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट त्याने पुसण्याआधी घेऊन ठेवा. त्याने पाठवलेली एखादी फाइल उघडली असेल तर तो संगणक इंटरनेटपासून तोडा आणि दुसऱ्या उपकरणावरून ईमेल, बँक व अपवर्क यांचे पासवर्ड बदला. ओळखपत्राचा फोटो दिला असेल तर त्याची माहिती अपवर्कला द्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसरे खाते उघडले गेले तर तुमची तक्रार आधीची असेल. आणि त्याने मागितलेले शुल्क, ते कितीही किरकोळ असले, भरू नका.