टायगर लोटसला कात्री लावताना

माशांच्या टाकीतला तुझा टायगर लोटस, ती लाल पानांची पाणवनस्पती, कंदातून फुटून महिन्याभरात वरपर्यंत पोचला म्हणून तू खूश आहेस, पण पहिलं तरंगतं पान दिसलं की लगेच काप. पाण्यावर पानं पसरू दिलीस की तो तशीच काढत सुटतो, आतली लाल पानं कमी होतात आणि खालची झाडं अंधारात. कापायचं ते वरून नव्हे. बोट देठावरून सरकवत पार कंदापर्यंत ने, तिथे कात्री लाव. अर्धवट राहिलेला देठ बुळबुळीत होऊन कुजतो. एका वेळी दोन-तीनच पानं घे. सगळी भादरलीस तर कंद साठवणीवर किती दिवस काढणार?

आणि हो, कंद वाळूत पुरता गाडू नकोस. माझा पहिला असाच गेला, हाताला शिजलेल्या सुरणासारखा लागला, वास तर विचारूच नकोस.

आषाढात आपल्या रत्नागिरीत वीज गेली की टाकीतला दिवाही बंद. उजेड कमी तशी वाढही मंदावते, तेव्हा कात्री बाजूला ठेव. टाकीतल्या दुसऱ्या कंदाची, म्हणजे ॲपोनोजेटॉन या पाणवनस्पतीची, पानं एकदम झडली तरी फेकू नकोस. तो विश्रांती घेतो. कंद दाबून बघ, घट्ट असला तर राहू दे.