फेरीपलीकडची नोकरी

प्रश्न : आम्ही गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर राहतो. माझी 22 वर्षांची मुलगी रसायनशास्त्राची पदवीधर असून वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत तिला शिफ्टची नोकरी मिळाली आहे. तिथेच जवळपास दोन मैत्रिणींसोबत भाड्याची खोली घ्यावी, असे ती म्हणते. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, फेरीबोट आहे, माणसाला तिकीटही लागत नाही, तेव्हा रोज घरून जाऊन यावे. नाहीतर नोकरीच नको. मी काय करावे?
— एक आई, दिवाडी

उत्तर : ताई, मुलीच्या वडिलांची काळजी खरी आहे, पण त्यांनी सुचवलेल्या उपायाने ती वाढणारच आहे. दुसरी शिफ्ट रात्री उशिरा सुटल्यावर वेर्ण्याहून झुआरी पूल ओलांडून फेरीसाठी जुने गोवे गाठायचे, तोवर फेऱ्या विरळ झालेल्या असतात, आणि बोट मांडवीच्या पलीकडच्या काठाला लागलेली असेल तर ती परत येईपर्यंत धक्क्यावर एकटीने उभे राहायचे. कंपनीची बस मिळाली तरी ती नदीअलीकडेच सोडणार. सकाळच्या शिफ्टला तर उजाडण्यापूर्वीच घर सोडावे लागेल. कामाच्या जवळची खोली यापेक्षा नक्कीच सुरक्षित आहे.

गोव्यातल्या घरांनी मुलगे जहाजांवर नोकरीला पाठवले, आखातात पाठवले. मुंबईला जाणाऱ्यांसाठी तर गावोगावच्या लोकांनी तिथे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहण्याच्या सामायिक जागा, उभारले. माणूस बाहेर पडणार हे धरूनच त्याच्या राहण्याची सोय केली गेली. मुलीच्या बाबतीत मात्र सोय पाहण्याऐवजी आपण तिचे जाणेच अडवतो, हे मला मनापासून खटकते.

तेव्हा तुम्ही दोघांनी जाऊन खोली पाहावी. कंपनीची बस कुठे थांबते, तिथून खोलीपर्यंत दिवे आहेत का, घरमालक कुठे राहतो हे विचारावे आणि भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात भरून घ्यावा. मुलीने नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नये. कंत्राटदारामार्फत भरती असेल तर पगार कोण देणार हे त्यात नीट वाचावे. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, कंपनीने दिलेल्या वाहनातला प्रवासही त्या कायद्याखाली येतो, आणि तक्रार सर्वसाधारणपणे 3 महिन्यांच्या आत करायची असते. 181 ही महिला हेल्पलाइनही तिला ठाऊक असावी. पगार तिच्याच खात्यात जमा व्हावा. घरी किती द्यायचे हे तिने ठरवावे, घराच्या हप्त्यांचा हिशेब त्यावर आधीच बांधू नये.

एवढे करूनही वडिलांचे मन मानत नसेल, तर त्यांनी एकदा दुसऱ्या शिफ्टच्या सुटण्याच्या वेळी स्वतः वेर्ण्याहून दिवाडीपर्यंत बसने आणि फेरीने येऊन पाहावे, आणि मगच नोकरीला नकार कळवायचा की खोलीचे आगाऊ भाडे भरायचे, हे मुलीला सोबत बसवून ठरवावे.