फुप्फुसावरची साधी गाठ पुन्हा का येते?

प्रश्न : माझी आई (वय ५८) निपाणीत अनेक वर्षे विड्या वळत असे. काही वर्षांपूर्वी तिच्या उजव्या फुप्फुसावरची गाठ बेळगावात शस्त्रक्रिया करून काढली. ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर (एकटी वाढणारी तंतुमय गाठ) आहे, कॅन्सर नाही’ असे तेव्हा सांगितले होते. आता सीटी स्कॅनमध्ये तिथेच पुन्हा गाठ दिसते आहे. तिचा कॅन्सर झाला का? की हे तंबाखूमुळे? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी तंबाखूची शंका दूर करतो. तंबाखूची धूळ फुप्फुसांना इतर प्रकारे अपाय करते हे खरेच, पण या गाठीशी तिचा संबंध आढळलेला नाही. या गाठीच्या पेशींत नॅब-२ आणि स्टॅट-६ ही दोन जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात, हे २०१३ साली स्पष्ट झाले. आईंनी स्वतःला बोल लावू नये.

ही गाठ बहुधा फुप्फुसाच्या आवरणातून उगवते. ती देठाला लोंबत असेल, तर देठासकट निघते आणि सहसा परत येत नाही. बूड पसरट असेल, तर कडेला राहून गेलेल्या पेशी सावकाश वाढतात आणि दहा वर्षांनीही डोके वर काढू शकतात. म्हणूनच ‘साधी गाठ’ एवढ्या शब्दांवर निर्धास्त होऊन तपासण्या बंद करणे मला मुळीच पटत नाही. परत आलेली गाठ कॅन्सरचीच असते असे नाही. मात्र काही गाठी ते वळण घेतात, आणि त्याचा निवाडा केवळ स्कॅनवर होत नाही.

जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट काढून त्यात दोन गोष्टी पाहा : कापलेल्या कडा गाठीपासून मुक्त होत्या का, आणि विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसल्या. सूक्ष्मदर्शकाच्या दहा क्षेत्रांत त्या चारपेक्षा जास्त असतील, तर धोका अधिक धरतात. त्या वेळी गाठीचे मेणात जतन केलेले तुकडे (ब्लॉक) आणि काचपट्ट्या (स्लाइड्स) लॅबकडून मागून घ्या, म्हणजे आताच्या गाठीचा नमुना त्यांच्याशी ताडून पाहता येईल. गाठ संपूर्ण निघण्याजोगी असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे, आणि त्यानंतर अनेक वर्षे नियमित स्कॅन करावे लागतात.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. मोठी झालेली गाठ क्वचित इन्सुलिनसारखे द्रव्य रक्तात सोडते आणि साखर एकदम उतरते. पहाटे दरदरून घाम सुटला किंवा आई असंबद्ध बोलू लागल्या, तर शुद्धीत असताना साखरपाणी पाजा आणि लगेच रुग्णालयात न्या.