वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या स्टेजवर अडकलेला सिंबा

मागील अंकात जुन्या संगणकीय खेळांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर नागपूरहून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच खेळाकडे होता. डिस्नेचा ‘द लायन किंग’ हा व्यंगपट १९९४ साली आला आणि त्याच वर्षी त्याच नावाचा खेळही निघाला. त्यात आपण सिंबा हा सिंहाचा छावा होऊन उड्या मारत, किडे खात पुढे जायचे असते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी धरमपेठेत शेजारच्या काकांकडे संगणक आला, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मुले त्यांच्या कूलरच्या खोलीत हा खेळ खेळत असू. पहिली स्टेज कोणालाही जमायची, पण दुसरीत जिराफ आणि माकडे यांच्यात सगळेच अडकायचे. खेळ खरोखर इतका कठीण होता, की लहानपणी आम्हालाच तो जमत नव्हता? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : खेळ खरोखरच कठीण होता आणि तो जाणूनबुजून तसा केलेला होता, हे आपण आणि आपल्या सवंगड्यांनी निःशंकपणे मानावे. अमेरिकेतील वेस्टवुड स्टुडिओज या कंपनीने तो तयार केला व व्हर्जिन इंटरॲक्टिव्हने बाजारात आणला. वेस्टवुडच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या लुई कॅसल यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी यामागचे कारण उघडपणे सांगितले : भाड्याने खेळ नेणाऱ्याला तो भाड्याच्या मुदतीत फार पुढपर्यंत खेळता येऊ नये, अशी डिस्नेची अपेक्षा होती आणि म्हणून सुरुवातीच्याच टप्प्यात काठिण्य वाढवण्यात आले. माकडांचे कोडे हे त्याचेच फळ आहे.

भाड्याची ही धास्ती कोठून आली, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९९० साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने संगणकाची सॉफ्टवेअर भाड्याने देण्यास बंदी घातली, पण टीव्हीला जोडायच्या खेळांच्या कॅसेटींना तीतून वगळले. त्यामुळे तिकडचे मूल शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून खेळ घरी आणी आणि दोन-तीन दिवसांनी परत करी. तेवढ्या वेळात खेळ संपला, तर तो विकत कोण घेणार, हा कंपन्यांपुढचा प्रश्न होता. अमेरिकेतल्या भाड्याच्या दुकानांसाठी लावलेला हा अडसर धरमपेठेतल्या मुलांच्या वाट्याला आला, ज्यांनी तो खेळ भाड्याने आणलाही नव्हता आणि, त्या काळची रीत पाहता, बहुधा विकतही घेतलेला नव्हता.

आता माकडांविषयी. जिराफांच्या डोक्यांवरून उड्या मारत सिंबा माकडांपाशी पोहोचतो, माकडे त्याला एकमेकांकडे भिरकावतात आणि शेवटी तो पुन्हा जेथून निघाला तेथेच येऊन पडतो. यावरचा उपाय असा, की ठरावीक माकडांसमोर डरकाळी फोडायची. ती तोंड फिरवतात आणि फेकण्याची दिशा बदलते. पहिल्या स्टेजमध्ये साळिंदराला उलटे पाडण्यासाठी हीच डरकाळी आपण वापरलेली असते, म्हणून हे कोडे अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. तरीही कोणत्या माकडाला कोणत्या क्रमाने फिरवायचे याचा पुरेसा सुगावा खेळ देत नाही. शिवाय चूक केली की काही वेळाने कळते, आणि चूक कोणती झाली हे तेव्हाही कळत नाही.

या खेळाविषयी माझे मत येथेच सांगून टाकतो. चौथ्या स्टेजमध्ये विल्डबीस्टचा (आफ्रिकेतल्या बैलासारख्या शिंगांच्या हरणांचा) कळप सिंबाच्या पाठीमागून उसळत येतो. तीही स्टेज कठीणच आहे, पण जनावर कोणत्या बाजूने येणार याची खूण पडद्यावर आधी दिसते. आपण मरतो ते आपल्या उशिराने, आणि पुढच्या खेपेला तेवढा उशीर करत नाही. असे काठिण्य खेळाडूला शिकवते. माकडांचे कोडे काहीच शिकवत नाही, ते फक्त थांबवून ठेवते. आठवणींच्या भरात या दोन्हींना सारखेच डोक्यावर घेतले जाते, ते मला मान्य नाही.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे दुपारी वीज जायची आणि तिच्याबरोबर सकाळपासूनचा सगळा खेळ जायचा. सेव्ह करण्याची सोय या खेळात का नव्हती? आणि एवढा मनस्ताप देणारा खेळ आज आठवला, तर मन प्रसन्न का होते? – एक वाचिका, मानेवाडा

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर पैशाचे आणि थोडे लबाडीचे आहे. कॅसेटीत खेळ सेव्ह करायचा, तर वेगळी स्मृती-चिप आणि ती जिवंत ठेवण्यासाठी छोटी बॅटरी बसवावी लागे व प्रत्येक कॅसेटीची किंमत वाढे. स्वस्त पर्याय पासवर्डचा होता : स्टेज संपली की काही अक्षरे दाखवायची आणि खेळाडूने ती वहीत लिहून ठेवायची. ‘द लायन किंग’मध्ये तीही सोय ठेवली नाही. सरावलेला खेळाडू या खेळाच्या दहाही स्टेज तासाभराच्या आत संपवतो, म्हणजे मूळ ऐवज तेवढाच आहे. लाईफ आणि कंटिन्यू (लाईफ संपल्यावर पुन्हा खेळण्याच्या संधी) मोजके दिले आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करायला लावले, की तोच ऐवज संपूर्ण सुट्टी पुरतो. पारा पंचेचाळीसच्या घरात, कूलर बंद आणि सिंबा पुन्हा पहिल्या स्टेजवर, असे तिहेरी संकट मात्र या खेळाच्या कर्त्यांनी खासच कल्पिलेले नसणार.

दुसऱ्या भागाविषयी अनेक जण म्हणतात, की जे कष्टाने मिळते ते लक्षात राहते. पण आपल्यापैकी बहुतेकांना येथे काही मिळालेच नव्हते, त्यामुळे ते स्पष्टीकरण मला पटत नाही. मला कारण अधिक व्यावहारिक वाटते. त्या खोलीत कीबोर्ड एक आणि मुले बरीच असत. खेळ सोपा असता, तर ज्याच्या घरी संगणक, तोच दुपारभर खेळत बसला असता आणि बाकीच्यांनी पाहून कंटाळून घरची वाट धरली असती. खेळ कठीण असल्यामुळे लाईफ भराभर जायच्या आणि ‘आता माझा नंबर’ म्हणणाऱ्याला खरोखरच नंबर मिळायचा. शिवाय पाहणाऱ्यालाही काम असे : ‘अरे, डरकाळी फोड’, ‘थांब, आधी त्याला जाऊ दे’ अशा सूचनांचा भडिमार चाललेला असायचा, आणि ज्याच्या मामेभावाने म्हणे पुढची स्टेज पाहिली होती, त्या मुलाच्या शब्दाला वजन असायचे, मग तो मामेभाऊ अमरावतीत प्रत्यक्ष असो वा नसो. आपल्या पत्रातही खेळाइतकाच मजकूर भावंडांविषयी आणि शेजारच्या मुलांविषयी आहे, तो मला या दृष्टीने महत्त्वाचा वाटला.

चित्रांचाही त्यात वाटा आहे. व्हर्जिनने १९९३ साली सेगाच्या यंत्रासाठी ‘अलादीन’ हा खेळ केला, तेव्हा डिस्नेच्या चित्रकारांनी कागदावर काढलेली हालचालींची चित्रे संगणकात उतरवून त्यात वापरली होती, आणि ‘द लायन किंग’मध्येही डिस्नेच्या चित्रकारांचा हात होता. चौकोनी ठिपक्यांचे बाहुले पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना व्यंगपटातलाच सिंबा आपल्या बोटांनी हलतो आहे, हे अपूर्व होते. दुसऱ्या स्टेजवर पंधरवडा अडकूनही मुले परत येत, त्याला हेही एक कारण असावे.

प्रश्न : माझा मित्र सांगतो की खेळात सिंबा मोठा होतो आणि त्याला आयाळ येते. आमच्या महालातल्या घरी टीव्ही गेमच्या कॅसेटीवर आम्ही शेवटपर्यंत खेळलो, पण सिंबा लहानच राहिला. खरे कोणाचे? – एक वाचक, महाल

उत्तर : दोघांचेही. संगणकावरच्या आणि सोळा-बिटी (आठ-बिटींहून ताकदवान) यंत्रांवरच्या खेळात सातव्या स्टेजपासून सिंबा प्रौढ होतो आणि शत्रूंवर उड्या मारण्याऐवजी पंजाने लढू लागतो. आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये चालणाऱ्या आठ-बिटी निन्टेन्डो जातीच्या यंत्रासाठी १९९५ साली युरोपात जी अधिकृत आवृत्ती निघाली, ती मात्र ‘हकूना मटाटा’ या सहाव्या स्टेजनंतर आटोपते आणि सिंबा मोठा होतच नाही. आपल्या कॅसेटीवर तीच असावी किंवा तिच्यासारखीच एखादी नक्कल. तशा नकलाही बाजारात आल्या होत्या.

प्रश्न : मुलाला दाखवण्यासाठी हा खेळ नव्याने विकत घेतला आणि मोठ्या एलईडी टीव्हीवर लावला. लहानपणी जमणाऱ्या उड्याही आता जमत नाहीत. मुलगा हसतो. वय झाले असे समजावे का? शिवाय त्यात मागे नेण्याचे बटण आहे. ते वापरणे म्हणजे फसवणूक नव्हे का? – एक वाचक, नंदनवन

उत्तर : वयाला दोष देण्याआधी टीव्हीची तपासणी करावी. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर आलेले चित्र जवळजवळ तत्काळ पडद्यावर उमटत असे. आजचा टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी ते गुळगुळीत आणि ठसठशीत करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो, आणि त्यात सेकंदाचा लहानसा अंश जातो. चित्रपट पाहताना तो जाणवत नाही. पण धबधब्यातून खाली येणाऱ्या ओंडक्यांवरून वर चढताना, जेथे उडीचा क्षणच सारे ठरवतो, तेथे बटण दाबले आणि सिंबा हलला नाही, असे वाटण्यास तेवढा अंश पुरेसा होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो सुरू करावा. त्याने ही प्रक्रिया बरीचशी बंद होते. बिनतारी कंट्रोलर असेल, तर तारेचाही वापरून पाहावा. त्यानंतरही मुलगा हसत राहिला, तर त्याच्या हाती कंट्रोलर देऊन त्याला दुसऱ्या स्टेजवर सोडावे.

आपण घेतलेला संच बहुधा डिजिटल इक्लिप्स या कंपनीने २०१९ साली ‘अलादीन’ आणि ‘द लायन किंग’ एकत्र करून काढलेला असावा. त्यात खेळ मागे नेता येतो, हव्या त्या ठिकाणी सेव्ह करता येतो आणि संगणकाला खेळू देऊन वाटेत कोठूनही आपल्या हाती घेता येतो. यांना फसवणूक म्हणण्याचे मला कारण दिसत नाही, कारण मूळ अडसर भाड्याच्या व्यवहारासाठी होता आणि आपण तर खेळ रोख पैसे मोजून घेतला आहे. माकडांपाशी ते बटण मोकळ्या मनाने वापरावे. विल्डबीस्टच्या स्टेजमध्ये मात्र वापरू नये, असे सुचवेन. ती स्टेज चार-पाचदा हरून जिंकण्यातच तिची गंमत आहे, आणि ती मुलालाही मिळू द्यावी.

प्रश्न : शेवटच्या स्टेजवर स्कारला कितीही पंजे मारले तरी तो मरत नाही. माझ्या मोठ्या भावाने या कारणावरून खेळ सोडला, तो आजतागायत. – एक वाचिका, सदर

उत्तर : स्कार, म्हणजे सिंबाचा दुष्ट काका, पंजाने मरणार नाही. मारून त्याला दमवावे लागते आणि मग प्राइड रॉक या सिंहांच्या कड्याच्या टोकापाशी गाठून, प्रौढ सिंबाला येणारा पकडून भिरकावण्याचा डाव वापरून, कड्यावरून खाली फेकावे लागते. बटणांची जोडी प्रत्येक आवृत्तीत वेगळी आहे, म्हणून आधीच्या एखाद्या स्टेजवर तरसांवर तिचा सराव करून घ्यावा आणि तोंड कड्याच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच डाव टाकावा. भावाला आजच कळवावे.