मस्टँग घरी आणण्याआधी कुंपण बघा

अमेरिकेतल्या मस्टँग घोड्यांविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

आम्ही जूनमध्ये यलोस्टोनला जाणार आहोत. वाटेत मस्टँग कुठे दिसतील? किती जवळ जाता येते?

यलोस्टोनच्या पूर्वेकडून निघालात तर वायोमिंगमधले कोडी हे गाव लागते. त्याच्या पूर्वेला मॅककलो पीक्सचा उजाड, खडकाळ टापू आहे, तिथे कळप दिसतात. एक दिवस जास्तीचा असेल तर लव्हेल गावापर्यंत जा. वायोमिंग-मोंटानाच्या सीमेवर प्रायर पर्वतातला राखीव भाग 1968 मध्ये घोड्यांसाठी ठेवला गेला. बिगहॉर्न कॅन्यनकडे जाणारा डांबरी रस्ता त्याच्या कडेने जातो, त्यामुळे डोंगर न चढताही घोडे दिसू शकतात. पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ आणि पायांवरचे आडवे पट्टे जरूर पाहा. जुन्या स्पॅनिश घोड्यांच्या या खुणा तिथे अजून टिकून आहेत.

निदान 300 फूट लांब राहा आणि खायला काहीही देऊ नका. जून हा शिंगरांचा काळ असतो. नर आणि त्याच्या घोड्या यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. नराने मान जमिनीलगत आणून कान मागे दाबले, की तो कळप हाकत असतो. अशा वेळी तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. फोटोसाठी 400 मिमीची लेन्स घेऊन जा म्हणजे पुढे जाण्याचा मोह होणार नाही.

हे घोडे खरोखर जंगली आहेत का?

त्यांचे पूर्वज पाळीव होते. घोड्याचे कूळ उत्तर अमेरिकेतच घडले, पण तिथले घोडे सुमारे 10,000 वर्षांपूर्वी नाहीसे झाले. पुढे स्पॅनिश लोकांनी जहाजांतून घोडे आणले. त्यांतले सुटलेले घोडे आणि नंतर सैन्याने व शेतकऱ्यांनी सोडलेले घोडे मिळून आजचे मस्टँग झाले. ज्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थच बिनधन्याचे, मोकाट जनावर असा आहे. मात्र कित्येक पिढ्यांत माणसाचा हात लागलेला नसल्यामुळे त्यांचे वागणे रानटीच असते. पुढच्या उत्तरातली सगळी काळजी त्यासाठीच आहे.

कोलोरॅडोत आमची 5 एकर जागा आहे. मस्टँग दत्तक घ्यायचा आहे. चहूबाजूंनी काटेरी तारेचे कुंपण आहे, ते पुरेल का?

नाही, आणि सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. 1971 च्या कायद्याने या घोड्यांना संरक्षण दिले आहे. त्यांच्या कुरणांना साधारण 25,500 जनावरेच झेपतात असा सरकारी अंदाज आहे, पण संख्या त्याहून खूप जास्त झाली आहे. म्हणून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खाते जास्तीचे घोडे पकडून दत्तक देते. शुल्क किमान 125 डॉलर असते आणि ऑनलाइन लिलावात ते वाढू शकते. अर्जदार 18 वर्षांवरचा हवा आणि जनावरांशी क्रूरपणा केल्याचा गुन्हा त्याच्यावर सिद्ध झालेला नसावा. अर्जात कुंपण, निवारा आणि गाडीची माहिती भरावी लागते.

एका घोड्याला किमान 400 चौरस फूट, म्हणजे 20 बाय 20 फुटांचा कुंपणबंद वाडा हवा. माणसाळलेला नसलेला मोठा घोडा असेल तर कुंपण 6 फूट उंच हवे, दीड वर्षाच्या आतल्या शिंगराला 5 फूट चालते. पाइपचे पॅनेल किंवा जाड फळ्या वापरा. बुजलेल्या घोड्याला बारीक तार दिसतच नाही, तो भरधाव तिच्यात घुसतो आणि पाय फाटतात. वाड्याला लागून छप्पर आणि निदान दोन बाजूंना भिंती असलेला निवारा ठेवा. आणायची गाडी वरून झाकलेली, मागचे दार बाजूला उघडणारी आणि आतून मोकळी असावी. उतरती फळी असलेल्या गाडीत खाते घोडा चढवत नाही.

घोडा गाडीतून थेट वाड्यातच उतरवा. 5 एकरांत सोडलात तर तो पुन्हा हाती लागणार नाही. मोरखी (डोक्यावर चढवायची दोरी) घालता येईपर्यंत आणि दोरीने चालवता येईपर्यंत तो वाड्यातच राहील.

पहिले दोन दिवस फक्त वैरण-पाणी द्या, ठरल्या वेळी आणि एकाच माणसाने. मग रोज दोन-तीनदा, 15-20 मिनिटे आत जा. सरळ डोक्याकडे जाऊ नका, तिरके खांद्याकडे चला. त्याने दोन्ही कान तुमच्याकडे वळवले की लगेच थांबा आणि मागे फिरा. शांत राहिले की दडपण हटते, हे त्याला असेच कळते. पहिला स्पर्श 10-12 फुटी बांबूने करा, म्हणजे तुम्ही लाथेच्या टप्प्याबाहेर राहता. बांबूचे टोक मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर घासा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, त्यामुळे तिथला स्पर्श त्यांना लवकर मानवतो. मग बांबू हळूहळू आखूड धरत हातावर या.

घाईने खुंटाला बांधाल तर घोडा मागे हिसका देतो आणि मानेला कायमची इजा होऊ शकते. वाड्यात पळवून दमवू नका, तो कुंपणावर चढायला जातो. शिंगराची मोरखी दर आठवड्याला तपासा, वाढत्या डोक्यात ती रुतते.

मोरखीनंतरचे पहिले काम म्हणजे पाय उचलायला शिकवणे. खडकाळ माळावर खूर आपोआप झिजत होते, मऊ वाड्यात ते वाढतच जातात. दर 6-8 आठवड्यांनी नालबंदाकडून ते कापून घ्यावे लागतील आणि जो घोडा पाय देत नाही त्याच्याजवळ नालबंद येणार नाही.

घरी दुसरा शांत घोडा असेल तर उत्तमच, पण पहिले 3 आठवडे तो नुसता दिसू द्या, नाकाला नाक लागू देऊ नका. घशाच्या गाठींचा संसर्ग तसाच पसरतो.

त्याला चंदी (धान्याचा खुराक) किती द्यायची?

सुरुवातीला मुळीच नको. साध्या गवताची वाळलेली वैरण वजनाच्या सुमारे 2 टक्के द्या. 450 किलोच्या घोड्याला रोज 9 किलो, म्हणजे वर्षाला सव्वातीन टनांच्या आसपास लागते. खरा खर्च हाच आहे, 125 डॉलर नव्हे. रुक्ष माळावर जगलेल्या घोड्याला एकदम धान्य किंवा भरपूर लसूणघास दिला तर पोटशूळ उठतो किंवा खुरांत दाह होऊन तो लंगडतो. रोज 30-40 लिटर पाणी आणि मिठाचा खडा ठेवा. अंगावर मांस कमी वाटले तरी वाढ हळूहळूच करा.

दत्तक घेतल्यावर 1,000 डॉलर मिळतात असे ऐकले. आणि नंतर घोडा भारतात नेता येईल का?

पैशांची योजना 2019 मध्ये सुरू झाली, 2025 मध्ये न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका. घोडा पहिले वर्षभर सरकारचाच असतो. तो विकता येत नाही, परदेशी नेता येत नाही. वर्षानंतर पशुवैद्यासारख्या जाणकाराच्या सहीनिशी अर्ज केला की मालकी तुमच्या नावावर होते. घोड्याची ओळख मात्र मानेवर डाव्या बाजूला असतेच. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या धातूने डाग दिला की तिथे पांढरे केस उगवतात. त्या खुणांच्या भाषेत जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो. निवड करताना तो डाग आधी वाचा. पहिलाच घोडा असेल तर दोन वर्षांचे शिंगरू घेऊ नका, त्यावर बसायला आणखी एक-दोन वर्षे थांबावे लागेल. प्रशिक्षकाने मोरखीला सरावलेला 4-6 वर्षांचा, खच्ची केलेला घोडा मागा.